ऊर्फ

डंडीच्या दफ्तरखान्यात शाईला बंदी, फक्त पेन्सिल.
खिडकीबाहेर टे नदी समुद्राला मिळायच्या बेतात.
नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
ऋषी आमच्यात कुणी नव्हते,
म्हणून विचारते.

चार घराण्यांचा एक कागद करायचाय, मैनासाठी.
शाळेतल्या बाईंनी एक पानच मागितलं होतं;
आता तो जेवणाच्या टेबलावरून खाली लोंबतो
आणि फर्गस ताट मांडीवर घेऊन जेवतो.

त्याच्या आईची बाजू भरभर सापडली.
लॉकीच्या गिरणीत ताग कातणाऱ्या बायका.
बाई स्वस्त, म्हणून गिरणी बाईलाच घेई;
नवरे घरी चहाचं आधण ठेवत.
मेल्यावरही माहेर तुटत नाही इथं:
एल्स्पेथ किड ऊर्फ पेट्री.
तिची आई, जेनेट लो ऊर्फ किड.
जन्माचं नाव आधी, नवऱ्याचं मागाहून.
त्या 'ऊर्फ'ला धरून मी एकेक आई मागे गेले,
अंधाऱ्या जिन्यात कठडा धरून उतरावं तशी.

सासऱ्यांकडे मात्र एक मुलगा निघाला,
जन्म एकोणीसशे तीन, बापाचा रकाना कोरा.
मॉइराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
"लिही," म्हणाली, "पण पेन्सिलीने.
आणि हलक्या हाताने."

माझ्या वडिलांकडचं आयतंच होतं.
सुगी सरली की हेळवी यायचा बैल घेऊन,
इचलकरंजीच्या आमच्या दारात वही सोडायचा,
चौदा पिढ्या एका दमात म्हणायचा
आणि पायलीभर जोंधळा घेऊन पुढच्या दारी.
चुलतभावाने त्या वहीचे फोटो धाडलेत:
इराप्पा, त्याचा शिवगोंडा, त्याचा बाळगोंडा,
त्याचा पुन्हा इराप्पा.
जणू चौदा पिढ्या पुरुषांनीच
पुरुष जन्माला घातले,
आणि हात धुऊन शेताला गेले.

उरली आईची बाजू.
आजोळ हा शब्द आहे, पणजोळही आहे,
त्याच्या पलीकडे भाषा हात वर करते.
माझ्या पणजीचं माहेर, त्याला काय म्हणायचं?
ती सासरी आली आणि पार्वती झाली,
एवढंच आईला ठाऊक. आधी कोण होती?
"काय की गं. विचारायचं कुणी सुचवलंच नाही."

मग परवा रात्री, तिची पहाट, माझी निजायची वेळ,
फोनच्या पडद्यावर आई न्हाणीघरात शिरली.
आंदणातली कळशी. तांब्याची, काठाला पोचे.
तिने ती तिरकी धरली बल्बाखाली,
ठोक्याठोक्यांनी कोरलेलं नाव शोधायला.
ऐंशी वर्षं राख, चिंच आणि काथ्या:
जिचं नाव, तिनेच घासलं रोज,
मग तिच्या लेकीने,
मग तिच्या लेकीने, म्हणजे आईनेच.
"माझ्याच हाताने गेलं की गं," आई म्हणाली
आणि पदराने कळशी पुसायला लागली.
मी ओरडले, "पुसू नकोस!"

उरलीत दोन अक्षरं. …व्वा.
गंगव्वा, निलव्वा, बसव्वा, गौरव्वा,
त्या मुलखातल्या निम्म्या बायकांची
नावं तिथंच संपतात.
आई एकेक नाव उच्चारून बघत होती,
कळशी कुठल्या नावाला ओ देते म्हणून.

दफ्तरखाना चारला मिटतो. शिपाई दिवे मालवत येतो.
मी मैनाच्या कागदावर, लोंबत्या टोकाला लिहिलं,
टिंबांसकट:
…व्वा ऊर्फ पार्वती.
स्कॉटलंडच्या रीतीने. जन्माचं आधी.

रात्री मैना खुर्चीवर गुडघे टेकून
नव्याने शिकलेली बाराखडी चालवत आली,
त्या नावापाशी अडली, ओठ हलवले,
आणि मोठ्याने वाचलं:
"व्वा!"

फर्गसने मांडीवरच्या ताटातून वर पाहिलं.
त्याला वाटलं, भाजीचं कौतुक चाललंय.