चालेल

कॅमेरा जुना, खेळाच्या यंत्रातून काढलेला.
लोटाच्या रविवारच्या बाजारात
सुकवलेल्या शिंपल्यांशेजारी वायरीसकट पडला होता.
यास्नाने घासाघीस न करता उचलला.
याच्यासमोर कुणाची तरी पोरं
हवेतल्या हवेत टेनिस खेळली असतील.
आता हा आमच्या इस्पितळात स्टुलावर बसून
माणसं चालताना बघतो.

खरी प्रयोगशाळा सान्तियागोत.
तिथे बारा कॅमेरे, अंगावर चिकटवलेले चकाकते मणी,
फरशीखाली वजन ओळखणाऱ्या पाट्या.
बस रात्रभर जाते. ज्याला चालता येत नाही
त्याने आधी बसपर्यंत चालत जायचं.

मार्चमध्ये एकदाच अठरा जणांना घेऊन गेलो,
हा माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला.
तेव्हापासून माझं काम एवढंच:
त्यांचा आकडा डावीकडे, याचा उजवीकडे,
आणि मधल्या रकान्यात चूक.

वेग जवळपास तोच.
पाऊल दोन सेंटिमीटर इकडेतिकडे.
गुडघा हा जरा कमीच वाकवतो, भिडस्त माणसासारखा.
आणि घोट्यापाशी सगळा घोटाळा.
पाऊल टेकलं की याला ते फरशीतून सोडवता येत नाही,
टाच विरघळते,
पडद्यावर पाय उलटे फिरतात
भुताचे असावेत तसे.

एलेउतेरिओ आला तो मिसेला घालायची काळी पँट घालून.
डॉक्टरकडे जायचं तर नीट जायला नको?
पडद्यावर धड दिसलं, बूट दिसले,
मध्ये काही नाही.
काळा रंग याचा अदृश्य प्रकाश गिळून टाकतो,
परत काही देत नाही.
इस्पितळाचा पायजमा त्याने दोन बोटांनी उचलला
आणि खाली ठेवला.
मग यास्नाने टाल्कमचा डबा आणला.

तो उभा राहिला, हात वर करून,
आम्ही दोघं त्याच्या मांड्यांवर पावडर थापत होतो.
"एकतीस वर्षं काळी पूड धुतली," तो म्हणाला,
"आता तुम्ही पांढरी लावताय."

मग तो चालला. चार मीटर.
समुद्राखालच्या खाणीत छत कमरेइतकं,
ती उंची अजून त्याच्या पाठीत आहे.
यंत्राने जरा विचार केला
आणि लिहिलं: बसलेला.
चार मीटर तो बसून चालला,
सेकंदाला अठ्ठावन्न सेंटिमीटर.

चूक कुठल्या रकान्यात लिहू?

तो मात्र गेला नाही. भिंतीशी बसून
डोळे मिटून पुढच्यांची पावलं ऐकत राहिला.
खाली दिवा विझला की म्हणे
बुटांवरूनच कळायचं कोण येतंय,
आणि काय लपवतंय.
"हा डावा घोटा पुरता टेकत नाही."
"हिचा उजवा, पण फक्त वळताना."
मी मार्चचे कागद काढले.
तीन बरोबर. चौथीचं साफ चुकलं:
तिने पुतणीचे बूट घातले होते, एक माप मोठे.
"मग बूट लंगडतायत," तो म्हणाला. माघार घेतली नाही.

संध्याकाळी यास्नाने विचारलं, काय लिहायचं अहवालात?
वेगासाठी चालेल.
पावलासाठी चालेल.
घोट्यासाठी नाही, वाकलेल्या पाठीसाठी नाही,
काळ्या पँटसाठी नाही.
"म्हणजे लोटासाठी नाही," ती म्हणाली,
आणि स्टुलाचा डुगडुगता पाय
पुठ्ठ्याची घडी घालून नीट केला.
उद्या सकाळी नऊ जण यायचे आहेत.

पडदे उघडायच्या आधी पडद्याकडे नजर गेली.
एलेउतेरिओ उठून गेला होता, टाल्कम दारापर्यंत सांडलेलं.
कॅमेरा त्याच्या रिकाम्या खुर्चीला
पंचवीस सांधे लावून बसला होता,
खांदे, कोपरं, दोन बारीक घोटे.
वेग: शून्य.
तेवढं अचूक.