टेबल नंबर सहा

ताराबाई पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं,
कठड्याला धरत धरत गेलो आम्ही दोघं,
योगी रोज काय जेवते ते बघायला.

योगी म्हणजे संयोगिता. दोन वर्षं झाली बँकॉकला.
फोनवर सांगते : आई, इथं सगळ्यात नारळाचं दूध,
सगळ्यात गवती चहा,
आणि मिरची अशी, की तुझा कांदा-लसूण मसाला गप बसंल.
ह्या शेवटच्या वाक्यावर
विजयमाला चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

आत एक सोनेरी बुद्ध, निळ्या लाईटीत,
त्याच्या मांडीवर कुणीतरी ठेवलेला एसीचा रिमोट.
पोरगं आलं. पाण्याच्या ग्लासात अंगठा बुडवून आलं.
मेनूकार्डावर मी बोट ठेवीन ते संपलेलं.
कच्च्या पपईची कोशिंबीर? नाही सर.
केळीच्या पानातला मासा? तो शनिवारी.
आज शनिवारच हाय की रे.
ते पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलं,
चूक कॅलेंडरची असल्यागत.

पन्नास मिनिटं.
पलीकडं एका वाढदिवसाचे फुगे फुटून झाले,
केक कापून, तोंडाला फासून, पुसून झाला.
विजयमालानं पर्समधली बडीशेप काढली,
जेवणाआधीच.

मग सूप आलं.
मी चमचा घातला, तर गवती चहाचं एक दांडकं
तरंगत वर आलं, नदीच्या पुरातल्या लाकडागत.
बाकी सगळं कॉर्नफ्लोअर.
"आपल्या मोरीमागं ह्याची एवढी जुडी माजलीया," ती म्हणाली,
"मी फुकट वाटते गल्लीत."

हिरवी करी हिरवी होती, हे कबूल.
ग्रामपंचायतीच्या दाराला देतात तसली हिरवी.
नारळाच्या दुधाचं म्हणाल तर
पांढऱ्या रश्श्याला चूळ भरायला लावून
त्यात साखर टाकावी, तसं काहीतरी.
आणि तिखट?
मी आयुष्यभर मार्केट यार्डात मिरचीचा हिशोब लिहिला.
पोत्याजवळनं नुसतं गेलो तरी शिंका मोजता यायच्या.
ह्या वाटीला मिरचीचा पत्ताच माहीत नव्हता.
नूडल्सना केचपचा वास. भात गार.

पोराला हाक मारली.
नाव धुळाप्पा, गाव गगनबावड्याच्या बाजूला.
मी ओरडणारच होतो,
तर तोच हळू आवाजात म्हणाला :
"थायी जेवणाचा मास्तर गणपतीला गेला तो आलाच न्हाई.
आता जो हाय, तो आधी पावभाजीच्या गाडीवर होता.
मालक म्हणत्यात, कुणाला कळतंय हितं."

कुणाला कळतंय.
खरं आहे. आम्हाला कुठं माहीत होतं
खरी चव कशी असते ती.
म्हणून तर आलो होतो जिना चढून.

बाराशे ऐंशी रुपये. त्यात सेवेचे वेगळे.
वर एक कागद : आमची सेवा कशी वाटली, टिक करा.
पेन चालत नव्हतं.
मी ते झटकलं, कागदावर घासलं,
शेवटी नुसतेच चार खोलगट ओरखडे उमटले,
आणि धुळाप्पानं ते घडी घालून खिशात ठेवले, जपून.

रात्री योगीचा फोन. व्हिडिओवर.
तिच्या मागं कुणाचे तरी कपडे वाळत होते.
"गेला होता मग? कसं होतं?"
"झकास," विजयमाला म्हणाली.
"अगदी पोटभर. तू रोज असलं जेवतेस म्हणजे
आता माझी काळजी मिटली बघ."
मी खांबाआड उभा.
"तिखट होतं का गं?"
"होतं की."
"डोळ्यांतनं पाणी आलं?"

थोडा वेळ रेंज गेल्यासारखं झालं. रेंज होती.
"आलं," ती म्हणाली.

तेवढ्यात मी भाकरीचा डबा उघडायला गेलो,
दोघांनाही सकाळपासनं पोटात काही नव्हतं,
आणि ते मेलं झाकण
नेमकं हातातनं सुटून
फरशीवर गोल गोल वाजत राहिलं.