कॉलरवरची काजळी

एल्डर हॅस्कलना धक्क्यावर मारलं
तेव्हा मी ब्लँचर्डांच्या मुलीचा झगा टाचत होते,
तोंडात टाचण्या.
म्हणून ओरडले नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

जून महिना. मिसिसिपी फुगलेली, चिखलाच्या रंगाची.
होडीतून उतरताना त्यांचा एक पाय फळीवर होता,
दुसरा अजून पाण्यावर.
कोणी म्हणालं पाच गोळ्या, कोणी म्हणालं सात.
मला मोजता आल्या, कारण कोट धुवायला माझ्याकडेच आला:
चार भोकं. आणि डाव्या कोपराला
मार्चमध्ये मीच लावलेलं ठिगळ,
एकही टाका न उसवलेलं.

सिस्टर फिलेना, त्यांची बायको,
म्हणजे गावाला ठाऊक असलेली बायको,
तिने काळं कापड पाठवलं. साडेनऊ वार.
निरोप होता, शनिवारपर्यंत हवं.
मी तिच्या कमरेचं माप घेतलं.
हुंदक्यांनी टेप हातातून निसटत होती
आणि मी म्हणत होते, श्वास धरा, बाई,
जरा श्वास धरा.

मला काळं नव्हतं.
एक बंद दार, दोन साक्षीदार, हिवाळ्यातली एक मेणबत्ती,
एवढ्यावर झालेलं लग्न.
नवरा गेल्यावर त्याचं काय करायचं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
उरलेल्या कापडाची बोटभर पट्टी
मी परकराच्या दुमडीत शिवून टाकली.
चालताना ती घोट्याला लागायची.
एवढंच वैधव्य.

रात्री पुरलं त्यांना, दगड न ठेवता,
कोणी उकरू नये म्हणून.
जागा चौघांनाच माहीत.
त्या चौघांत मी नाही.

सोमवारी नदीपलीकडून धुणं आलं, नेहमीसारखं.
गिरणीवाल्या टटलच्या दोन कॉलरी
आतून काळ्या.
काजळी, आणि तिला धरून ठेवणारी डुकराची चरबी.
तोंड काळं करून आले होते ते सगळे.
घरी जाऊन तोंडं धुतली,
माना विसरले.

एक कॉलर मी घासली. तीनदा. उकळत्या पाण्यात, राखेच्या साबणानं,
बोटांची सालं निघेपर्यंत.
दुसरी हरवली म्हणून कळवलं
आणि बारा सेंट भरून दिले.

ऑक्टोबरात खटला उभा राहिला.
होडीवाल्याला फक्त धूर दिसला होता.
ज्या पोराने नावं घेतली होती
त्याला अचानक एकही नाव आठवेना.
मी मागच्या भिंतीला टेकून उभी,
पिशवीत कॉलर, आणि डोक्यात एकच प्रश्न,
वकील पहिल्यांदा विचारील तोच:
मयत तुमचे कोण?
बायबलवर हात ठेवून काय सांगणार होते मी?
खरं सांगितलं तर त्यांना पुन्हा मारायला
नुसती वर्तमानपत्रं पुरली असती.

कुणी हाक मारली नाही. मीही पुढे झाले नाही.
ज्यूरी जेवणाआधीच परत आली. निर्दोष.
कुणीतरी शीळ घातली.
पायऱ्यांवर टटलने हॅट उचलली,
म्हणाला, मिस पिकेट,
ती कॉलर सापडली का हो?

फेब्रुवारीत नदी गोठली
आणि आम्ही गाड्या बर्फावर घातल्या, पश्चिमेकडे.
कारकुनाने यादीत लिहिलं:
थर्झा पिकेट. शिवणकाम. एकटी.
मी मान डोलावली.
मधोमध बर्फ करकरलं, बैल थबकले,
तेव्हा पुढच्या गाडीतून सिस्टर फिलेना वळून बघत होती.
माझ्याकडे नव्हे, माझ्या पायांकडे.

दुमड उसवली होती. पट्टी बाहेर लोंबत होती,
भिजलेली, काळीभोर.

कापड तिला ओळखू आलं असणार.
साडेनऊ वार तिनेच मोजून पाठवलं होतं.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग मुलांना एका बाजूला सरकवत म्हणाली,
चढ वर. अडकून पडशील.
आणि गळ्याशी खोचलेली सुई काढली.