जळून झालेली घट

गोडोलीच्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच :
माती वाळवायची, चाळायची, जाळायची
आणि काय उरलं ते दशांशाच्या चार घरांपर्यंत लिहायचं.
ऊसवाल्यांच्या पिशव्या रोजच येतात.
ही मात्र आली दुधाच्या बरणीत,
तोंडावर कुंभ्याची पानं, सुतळीनं आवळलेली.
बमाबाई ढेबे, राहणार म्हसरुतणीचा सडा.

उघडून बघते तर माती कुठली!
काळा, गार, तंतूतंतूंचा गोळा.
पिळला तर कोऱ्या चहासारखं पाणी,
आणि बोटांत राहिली गवताची एक काडी,
कुठल्या भाद्रपदातली कोण जाणे, अजून पेरासकट.

"आमच्या रुतणीतला ह्यो. थितं काय कुजतच न्हाई."

खरंच आहे. जांभ्याच्या बशीत पाणी तुंबून राहतं,
पाण्याखाली हवेला शिरकाव नाही,
आणि कुजवणाऱ्या जिवांना
जेवायलाही श्वास लागतो.
म्हणून तिथलं गवत मरतं ते अर्धंच.
त्यावर पुढच्या सालचं, त्यावर सीतेची आसवं,
त्यांची निळी फुलं, देठ, केसाएवढ्या मुळ्या.
वर्षाला जेमतेम नखाच्या जाडीचा थर.
हवेतून उसनं घेतलेलं
परत करायचं राहूनच गेलं.

(अगदीच राहून गेलं असं नाही. मधूनच बुडबुडे येतात,
पोरं त्याला म्हशीचा ढेकर म्हणतात.
तो वायूही ताप वाढवतो. हिशेबात तोही धरावा लागतो.)

म्हैस खरीच रुतली होती, तिच्या आजेसासूची.
परवा चर खणताना निघाली ती लाकडी मेख,
कुऱ्हाडीचे घाव काल घातल्यासारखे,
आणि अंबाडीच्या दाव्याची गाठ, तशीच घट्ट.
हाडं नाहीत. हाडं त्या आंबट पाण्यानं खाल्ली.
मेख उन्हात ठेवली, ती आठवड्यात तडकली.

चर खणला होता धाकलूनं, तिच्याच पुतण्यानं.
फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांना कोरडी जागा हवी.
गाडीमागं पन्नास रुपये.
मी त्याला काय नावं ठेवू, मीही एकदा तिथं गाडी लावलीय.

म्हणून बरण्या दोन :
एक ओल्यातली, एक तीन सालांपूर्वीच्या जुन्या चराच्या काठची.
एकशेपाच अंशांवर रात्रभर,
मग साडेपाचशेवर चार तास.
मुशी गार झाल्या, काट्यावर ठेवल्या.
ओल्यातली शंभरातले अडतीस भाग गमावून बसली.
चराकाठची बावीस.

"म्हंजी ही चांगली? कमी जळाली?"

नाही बाई, ती आधीच जळून आली होती.
जाळ नाही, धूर नाही, आपल्या डोळ्यांदेखत.
चरातून पाणी उतरलं, हवा आत गेली,
आणि इतकी वर्षं ताटावर नुसतेच बसलेले
जेवायला लागले.

"मग गेलं कुठं त्ये?"
मी खिडकीकडं हात केला.
खिडकीत अजिंक्यतारा, तारेवर एक कावळा,
फेब्रुवारीतच एप्रिलचा उकाडा.
ती बराच वेळ तिकडं बघत राहिली,
चुकलेलं रेडकू शोधावं तशी.

अहवालात रकाना असतो, 'जळून झालेली घट'.
त्यात आकडे लिहिले. शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा,
त्यात हे काही मावलं नाही.

दिवाळी झाल्यावर तिसरी बरणी आली,
बामणोलीच्या एसटीतून, कंडक्टरच्या हाती.
काठोकाठ पाणी. तळाशी काळा गाळ, जांभ्याचा चुरा,
आणि मध्ये तरंगत एक हिरवा धागा.
चर बुजवला म्हणायचा. धाकलूनं आपणहून
की म्हातारीनं भांडून, ते काही कळलं नाही.
चिठ्ठीवर कुणा शाळकरी पोराचं अक्षर :
"आजी म्हणते ही जाळू नका. झाकण पण काढू नका."

नोंदवहीत नमुना क्रमांक दिला.
वजनाची घरं कोरी सोडली.
बरणी फडताळात आहे, उन्हाच्या आड.
काल झाकणाखाली एक बुडबुडा होता.