पाणसळ

पाण्याची नळी खोटं बोलत नाही,
उस्ताद म्हणायचा,
फक्त आत बुडबुडा राहू देऊ नको.
चाळीस वर्षं तेच केलं.
पारोळ्यापासून अमळनेरपर्यंत किती घरांची जोती
या नळीनं एका पातळीत आणली.
टोक तोंडात धरून हवा ओढायची,
जिभेवर कालच्या सिमेंटची चव.

मग त्या दिवशी परांचीवर, हातात थापी,
डाव्या कानात आधी कापूस कोंबल्यासारखं झालं,
मग टाइल कटर सुरू झालं.
साइटवर टाइलचं काम नव्हतं.
आणि भिंत निघाली.
मीच ओळंब्यात उभी केलेली भिंत
चक्कीच्या पट्ट्यासारखी सरकत निघाली,
सरकतच राहिली.
चुनीलालनं कमरेला मिठी मारली म्हणून हे सांगतोय.
खाली उलटी केली, तर घरमालकीण म्हणाली,
मिस्तरी सकाळीच घेऊन आले वाटतं.

धुळ्याच्या डॉक्टरनं कागदावर गोगलगाय काढली.
इथे पाणी असतं, म्हणाला, ते वाढलं की तोल जातो.
मी विचारलं, बुडबुडा?
नाही हो, पाणीच.
मीठ कमी. बिबडे, लोणचं, ठेचा बंद.
ऐकू येईल, जाईल, परत येईल,
लाइटीसारखं.
लाइटीला निदान वेळापत्रक असतं.

तेव्हापासून मी खालीच.
नळीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं वर चुनीलालकडे.
तो ओरडतो ते कधी पोचतं, कधी नाही,
म्हणून बोटं दाखवतो.
पाणी दोन्हीकडे सारखं येऊन थांबतं
आणि मला त्याचा थोडा राग येतो.

रात्री खाट फिरायला लागली की
सुपडाबाई माझं डोकं दोन्ही हातांत धरते.
"डोया मिचू नको, खिया देख. मी शे ना आठे."
समोरचा कॅलेंडरचा खिळा,
मीच ठोकलेला, सूतभर वाकडा.
त्याला धरून मी पहाटेपर्यंत घरात राहतो.

आज कान उघडला, न सांगता.
स्टोव्हची सुरसुर.
परातीत कळण्याची भाकर थापल्याचा आवाज.
आणि ती, पाठमोरी,
बिनमिठाच्या भाजीला आणि मला
एकाच दमात शिव्या घालत होती.
डावा कान तिच्याचकडे होता.
बोललो नाही काही.
टिकेल तेवढं ऐकून घेत होतो.