कोरडं बसव

पोरगा विचारतो, सीलंट लावू का?
ट्यूब हातात, टोपण आधीच उघडलेलं.
म्हणजे विचारत नाहीये, कळवतोय.

तुर्भे, कांदा-बटाटा मार्केटमागची गल्ली,
दुपारचे तीन. पिकअपवाला हसुराम म्हात्रे
दर पाच मिनिटांनी मनगट वर करून दाखवतो,
रात्रीच्या आत ओतूरला पोचायचंय त्याला.
नवा पंप खोक्यातून निघालाय,
सोबत कागदाचं गॅस्केट, इतकं पातळ
की दोन बोटांत धरलं तरी पंख्यानं फडफडतं.
एवढ्याशा कागदाच्या भरवशावर
आठ लिटर पाणी, नव्वद डिग्री, माळशेजचा चढ.
पोराला पटत नाही.
मलाही पटलं नव्हतं.

ठाणे, वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
एलिजा पेणकर मेस्त्रींचं गॅरेज.
शनिवारी बंद, रविवारी उघडं,
नवीन गिऱ्हाइकं शनिवारी येऊन शटरला शिव्या घालायची.
मला दिवसाचे चाळीस रुपये आणि दुपारचं जेवण.
मेस्त्री बोलायचे कमी, खरवडायचे फार.
ब्लेड आडवं धरायचे, दाढी केल्यासारखं,
मग ब्लॉकच्या तोंडावरून नख फिरवायचे.
नखाला लागलं ते पाण्याला सापडणार.
तासभर हेच.

मी म्हणायचो, मेस्त्री, लावू ना थोडं, वरून.
ते म्हणायचे, सीलंट नाही, तू भीती लावतोयस.
घासायचा कंटाळा आला की ट्यूब आठवते.

एकदा ते चहाला गेले आणि मी लावलंच.
राखाडी, जाड, केकवरच्या क्रीमसारखं.
बोल्ट आवळले तसा बाहेर ओघळ आला,
तो पुसला. आतल्या बाजूला जो आला
तो कोण पुसणार?
तीन आठवड्यांनी तीच व्हॅन, गायमुखच्या चढावर,
काटा लालमध्ये, बोनेटमधून वाफ.
रेडिएटरच्या नळ्यांत रबराचे तुकडे निघाले,
तुटलेल्या शेवयांसारखे.
मेस्त्रींनी ते बशीत काढले
आणि चार वाजता माझ्यापुढे ठेवले, चहाच्या जागी.
ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

तसं त्यांचं सगळंच कोरडं नसायचं.
जो बोल्ट आरपार पाण्यात जातो
त्याच्या आट्यांना लावायचे, मुगाएवढं.
रबरी रिंग असली तर नुसतं कूलंटचं बोट.
नियम काय, म्हटलं, तर म्हणायचे, पंपाला विचार.

आणि ते भोक.
पंपाच्या पोटाखाली, आगपेटीची काडी जाईल एवढं.
पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं,
हे कंपनीचं चुकलंय का, बुजवू?
बुजवू नको. आतलं सील गेलं की इथून थेंब येतो.
थेंब दिसला तर पंप बदलता येतो.
बुजवलंस तर ते पाणी बेअरिंगमध्ये जाईल,
आणि तुला कळेल तेव्हा
पंखा रेडिएटरमध्ये घुसलेला असेल.
त्या वर्षी त्यांचा मुलगा अश्दोदला गेला, कायमचा.
मेस्त्री संध्याकाळी हात धुताना
नळ फार वेळ चालू ठेवायचे, पाठमोरे.
ग्रीस निघत नसेल असं मला वाटायचं.

खरं सांगायचं तर
माझं कोरडं बसवलेलंही दोनदा गळलंय.
एकदा खारपाड्याच्या पुलावरून गाडी टोचन करून आणली.
दोष कागदाचा की माझा, अजून माहीत नाही.
हे मी पोराला सांगत नाही.

म्हात्रे म्हणतो, लाव रं, जास्तीच लाव, पैशे मी देतंय.
मी पोराला ब्लेड देतो.
तो ब्लॉककडे बघतो, माझ्याकडे, म्हात्रेच्या मनगटाकडे.
जुन्या गॅस्केटचा एक कपचा
खालच्या कोपऱ्यात अजून चिकटलेला आहे,
बल्ब धरल्याशिवाय दिसणार नाही असा.
नख फिरव, म्हणतो मी. मग विचार.

पोरगा टोपण लावतो.
ट्यूब फेकत नाही, मागच्या खिशात सरकवतो.
सरकवू दे.
माझ्याही खणात एक आहे,
अर्धी, तोंडाशी सुकलेली.