सतरा नंबर

फैजपूरच्या कॉलेजात, वरच्या मजल्यावर
चाळीस कॉम्प्युटर. दिवसा पोरांचे,
उरल्या वेळी माझे,
म्हणजे केळीवरच्या करप्याचे:
कुठल्या पानावर कधी डाग पडेल
ह्या गणिताचे लाख तुकडे
ज्याला उसंत, त्याच्या पदरात टाकायचे.

उसंत कुणाला, हे आधी कळायला हवं.
म्हणून एक छोटा प्रोग्राम
दर दहा सेकंदांनी दार वाजवतो.
किती मोकळा?
बारा टक्के. नव्वद. नव्वद. एकेचाळीस.
ह्यावरून पुढचा आकडा.
सगळी सूत्रं लावून पाहिली. शेवटी
'आत्ता आहे तसंच राहील'
हेच सगळ्यांत कमी चुकलं.
दोन वर्षं, आणि हे उत्तर.
गाइडना सांगताना मी खिडकीकडे बघत होते.

पीतांबर फेगडे, लॅबचे शिपाई.
हातात सतत काहीतरी, फडकं नाहीतर वायर.
स्क्रीनकडे न बघताच म्हणाले,
"आज सातनंतर लाव. पोरं भरिताला जाऊ राह्यले,
बामणोदच्या मळ्यात."
सातला लॅब रिकामी.
माझ्या सूत्रात वांगी नव्हती.

एक सतरा नंबर तेवढा
रात्रंदिवस शंभर टक्के भरलेला.
महिनाभर त्याला मी काही दिलंच नाही.
मग कळलं, पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या
कुणा हर्षल झोपेनं लावलेलं काहीतरी
मशीन चालू झालं की आपसूक सुरू होतं,
मोठमोठ्या मूळ संख्या शोधत बसतं,
प्राधान्य सगळ्यांत खालचं.
दुसरं कुणी आलं की लगेच सरकून जागा देतं.
वरून बघावं तर जागा नाही,
काम देऊन बघावं तर अख्खा मोकळा.

तेव्हापासून नुसतं मोजत नाही,
दीड सेकंदाचं खरं काम देऊन बघते.

गुरुवारी आईला जळगावला न्यायचं होतं, डोळ्यांना.
लॅब कोण उघडणार?
काका तर कायम कामात, म्हणून
आठवडाभर विचारलंच नव्हतं.
ते कीबोर्ड उपडा धरून झटकत होते.
"काका..."
कीबोर्ड लगेच टेबलावर.
"बोल ना. किती दिवसांपासून येऊन नुसती उभी राहू राह्यली."

सांगितलं. बरं म्हणाले.
पुन्हा कीबोर्ड उचलला, कचरा पडत राहिला,
शेंगदाण्याची सालं, एक टाचणी.

"अन् ते अठ्ठावीस नंबर," मागून आवाज,
"पंखा वाजतो त्याचा.
रात्री जास्त टाकू नको त्याच्यावर."